उतरणे, मुक्काम आणि बिऱ्हाड : सहकुटुंब शहरवासाच्या निवासनिवडीची परिभाषा

परगावाहून परतलेल्या माणसास आपण जे प्रश्न विचारतो, त्यांत 'काय काय पाहिले?' हा प्रश्न सहसा दुसरा असतो. पहिला प्रश्न 'कोठे उतरला होतात?' हा होय. या प्रश्नात बरीच सामाजिक चौकशी दडलेली आहे. तेथे तुमचे नातलग आहेत काय, नसल्यास पैसे मोजून राहण्याची तुमची ऐपत किती, आणि त्या गावात तुम्हांस कोणी दारात उभे केले काय, हे सारे त्या एका क्रियापदाने विचारले जाते. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता व्यावहारिक आहे. आठ-दहा दिवसांसाठी सहकुटुंब एखाद्या शहरी जावयाचे असल्यास, स्वयंपाकाची सोय असलेला एकाहून अधिक खोल्यांचा निवास, म्हणजे हॉटेलवाले ज्यास 'सुईट' म्हणतात तो, कोणत्या कसोट्यांवर निवडावा, असा तो प्रश्न आहे. परंतु या कसोट्यांचा शोध घेता घेता असे ध्यानात आले की, त्या बहुतेक मराठी शब्दांच्या अर्थव्यवच्छेदांत आधीच नोंदवून ठेवलेल्या आहेत. म्हणून शब्दांपासून आरंभ करतो.

परस्थळी राहण्यासाठी मराठीत जी क्रियापदे आहेत त्यांत कालावधीची एक चढती श्रेणी दिसते. 'उतरणे' हे सर्वांत अल्पकालिक. घोड्यावरून, गाडीवरून खाली पाय टेकणे हा त्याचा मूळ अर्थ. टेकलेला पाय जेथे विसावला ते उतरण्याचे ठिकाण. ही क्रिया क्षणिक असल्याने 'आम्ही आठ दिवस उतरलो' हे वाक्य कानास खटकते. 'आठ दिवस उतरलो होतो' हे मात्र चालते, कारण येथे क्रिया संपून तिच्यातून निघालेली स्थिती बोलली जाते. 'मुक्काम करणे' यात कालावधी गृहीत आहे, पण पुढची मजलही गृहीत आहे. ज्याला पुढे जावयाचे नाही त्याचा मुक्काम नसतो. हा शब्द अरबीतून आला आणि 'उभे राहणे' या अर्थाच्या ज्या धातूपासून तो सिद्ध झाला त्यापासूनच 'कायम' हा शब्दही निघाला, ही गंमत सांगण्यासारखी आहे. 'वस्ती' रात्रीपुरती असते; खेड्यात रात्री मुक्कामास राहून पहाटे परतणारी एस. टी. ती 'वस्तीची गाडी'. आणि 'बिऱ्हाड करणे' म्हणजे चूल मांडणे. बिऱ्हाड स्वतःच्या घरात नसते, ते दुसऱ्याच्या जागेतच असते. तथापि त्यात भांडी, पाण्याचा साठा आणि दाराची किल्ली आपली असते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे म्हणताना आपण हेच सांगतो की, जागा बदलली तरी संसार बरोबर आहे.

अलीकडे या सर्वांच्या जागी 'थांबणे' हे एकच क्रियापद सर्रास वापरले जाते : 'कुठे थांबलात?' हिंदीतील 'ठहरना' याच्या सहवासाने हा वापर बळावला असावा. शब्द आपलाच आहे, संस्कृत 'स्तम्भ'पासूनचा. त्यास माझा विरोध नाही. मात्र या एका शब्दाने वरील श्रेणी पुसली जाते, आणि कुटुंबाने नेमकी कशाची अपेक्षा धरावी हे अस्पष्ट होते.

विभक्तीनेही हीच साक्ष मिळते. जुनी ईकारान्त सप्तमी आज थोड्याच शब्दांस लागते : घरी, दारी, गावी, माहेरी. हे शब्द पाहता ती सप्तमी आपलेपणाच्या स्थळांसाठी राखून ठेवलेली दिसते. 'मुक्कामी' हे रूप होते. जुन्या गद्यात 'बिऱ्हाडी' हेही आढळते. परंतु 'हॉटेली' वा 'लॉजी' अशी रूपे कोणाच्या तोंडून निघत नाहीत. आपण 'हॉटेलात' उतरतो, 'लॉजवर' उतरतो, 'मामांकडे' उतरतो. यांपैकी 'वर' हा प्रत्यय विशेष लक्षणीय आहे. विहिरीवर, स्थानकावर, कामावर, शेतावर असा तो जेथे आपण कामापुरते जातो त्या स्थळांस लागतो. 'लॉजवर' म्हणणाऱ्याने नकळत सांगून टाकलेले असते की, तेथे तो केवळ पाठ टेकण्याच्या कामास गेला होता.

दीर्घ मुक्कामाची वास्तू ही काही आधुनिक कल्पना नव्हे, आणि छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात राहणाऱ्या अभ्यासकास तरी हे सांगावे लागू नये. 'लेणे' हा शब्द संस्कृत 'लयन', प्राकृत 'लेण' या क्रमाने आला. 'आलय' आणि 'निलय' यांतील जो 'ली' धातू, तोच यात आहे. अर्थ : विसावण्याची, राहण्याची जागा. (अलंकारवाचक 'लेणे' हा शब्द अंगावर घालणे या अर्थाच्या क्रियापदाचा असून त्याचा याच्याशी संबंध नाही, लेणी ही डोंगरास घातलेले अलंकार होत ही कल्पना रम्य असली तरी व्युत्पत्ती नव्हे.) अजिंठ्याचे १२ क्रमांकाचे लेणे पाहावे. मध्ये चौकोनी दालन, तीन बाजूंस प्रत्येकी चार अशा बारा कोठड्या, आणि प्रत्येक कोठडीत दोन दगडी शय्या. भिक्षूंच्या वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातील तीन महिन्यांच्या एकस्थ वास्तव्यासाठी, ही रचना योग्य होती. सामाईक दालन व त्यास लागून झोपण्याच्या पृथक् खोल्या हे तिचे सूत्र. तेथे चूल मात्र नाही, कारण भिक्षूचे अन्न भिक्षापात्रात येई. चुलीवाचून केलेला तीन महिन्यांचा वास हा मुक्कामच राहतो, त्याचे बिऱ्हाड होत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणार नाही.

नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा शिलालेख या दृष्टीने आणखी उपयुक्त आहे. क्षत्रप नहपानाचा हा जामात इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी त्याने निवासस्थाने बांधून दिली, आणि त्यांच्यासाठी लेखात 'चतुःशाल', 'आवसथ' व 'प्रतिश्रय' असे तीन शब्द आले आहेत. पहिला शब्द आकार सांगतो : चार बाजूंनी शाळा, मध्ये चौक. दुसरा 'वस्' धातूचा, म्हणून वास्तव्य सांगतो; आपली 'वस्ती' त्याच घराण्यातली. तिसरा 'श्रि' धातूचा, म्हणजे 'आश्रय' सांगतो. आकार, वास्तव्य आणि आश्रय या तीन गोष्टी त्या काळच्या दात्यास वेगळ्या वाटल्या. आजच्या जाहिरातीत पहिलीचे वर्णन सविस्तर असते, दुसरीचे थोडे, आणि तिसरीचा उल्लेख नसतो.

या शहराच्या पाणचक्कीची हकीकत येथे ओघाने येते. मध्य आशियातून आलेले सूफी साधू बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. उत्तरेकडील डोंगराच्या बाजूने भूमिगत नळांतून आणलेल्या पाण्याच्या जोरावर ही चक्की तेथे उतरणाऱ्यांसाठी धान्य दळीत असे. ज्यांच्या नावातच 'प्रवासी' आहे अशा सत्पुरुषाच्या स्थानी पाणी, पीठ आणि निवारा यांची एकत्र व्यवस्था व्हावी, हे अर्थपूर्ण आहे. सराई व धर्मशाळा यांचाही आधार हाच असे : जागा आणि पाणी फुकट वा नाममात्र, शिधा तुमचा, चूल तुमची. धर्मशाळेच्या ओवरीत तीन दगड मांडून स्वयंपाक करणारे कुटुंब हे खऱ्या अर्थाने बिऱ्हाड करीत होते.

लॉज व हॉटेल या संस्थांनी ही एकत्र व्यवस्था फोडली. मराठीत 'हॉटेल' म्हणजे मुख्यतः खाण्याचे ठिकाण. 'हॉटेलात जाऊ' म्हणणाऱ्या मुलास मिसळ वा डोसा हवा असतो, पलंग नव्हे. झोपण्याचे ठिकाण ते 'लॉज'. 'लॉजिंग-बोर्डिंग' या जोडशब्दात दोन्ही आहेत खरी, परंतु मराठीत सुट्या 'बोर्डिंग'चा अर्थ विद्यार्थ्यांचे वसतिगृह असा झाला आहे. 'हॉटेल' आणि 'हॉस्पिटल' हे लॅटिनमधील अतिथिवाचक एकाच शब्दाचे वंशज होत. आमच्या शहरात घाटी रुग्णालयात मराठवाडाभरातून येणाऱ्या रुग्णांची नातलग मंडळी आवारात पथारी पसरून दिवस काढताना पाहिली की, हे दोन शब्द किती दूर गेले आहेत ते उमगते. दीर्घ मुक्कामाची सर्वांत निकड असलेले कुटुंब सहलीचे नसून तेच आहे. पण त्यांची निवड हा निवडीचा प्रश्नच नसतो, म्हणून प्रस्तुत विवेचनात त्यांस गोवीत नाही.

आता 'सुईट'. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ 'मागोमाग येणारे', म्हणजे एखाद्या मोठ्या माणसाचा लवाजमा. पुढे एकामागून एक येणाऱ्या खोल्यांच्या मालिकेस तो लागला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील 'अनुसरणे' या अर्थाचा जो धातू आहे, तो वैदिक 'सच्' या धातूचा सगोत्र होय, आणि 'सच्'पासून आपल्याकडे 'सचिव' हा शब्द आला. तेव्हा सुईट आणि सचिव हे दूरचे भाऊबंद ठरतात. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे वाकाटक नृपती हरिषेण याच्या वराहदेव नामक मंत्र्याने भिक्षुसंघास निवासार्थ दिले, हे आठवले म्हणजे हा शब्दसंबंध थोडा अधिकच रुचतो.

मराठी बोलण्यात मात्र हा शब्द 'सूट' असा उच्चारला जातो, आणि तेथे तो दोन जुन्या रहिवाशांच्या शेजारी येऊन बसतो : अंगावरचा सूट, आणि दरातील सूट. पहिला त्याचाच सख्खा भाऊ आहे. दुसरा सर्वस्वी देशी. हिंदी 'छूट' व 'छुट्टी' यांच्या समोर मराठीत 'सूट' व 'सुट्टी' येतात. छकाराचा सकार होणे ही मराठीची परिचित प्रवृत्ती असून झ्यूल ब्लॉक यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिचा विचार केला आहे. 'सुटणे' म्हणजे बंधनातून मोकळे होणे. 'सूटवर सूट' अशी पाटी वाचून हसणाऱ्या वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे की, त्या दोन शब्दांत दोन भिन्न वचने दिलेली आहेत : खोल्या एकापाठोपाठ एक असतील, आणि तुम्ही काही भारातून मोकळे व्हाल. दोन्ही वचने पाळली जातात काय, हे तपासणे म्हणजेच निवास निवडणे.

याचा प्रत्यय मुकुंदवाडीत आला. हे मूळचे गाव. १९७०च्या दशकात सिडकोची नवी वसाहत उभी राहू लागली, आणि शहर वाढत वाढत या गावापलीकडे गेले. आज जालना रस्ता, मुकुंदवाडीचे छोटे रेल्वेस्थानक, चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत व विमानतळ, आणि त्याही पुढे शेंद्रा, असा हा पूर्वेकडील पट्टा आहे. कारखान्यांच्या कामासाठी येऊन आठवडेच्या आठवडे राहणारा अभियंता हा येथील दीर्घ मुक्कामाचा स्वाभाविक ग्राहक. त्यामुळे येथील 'सर्व्हिस अपार्टमेंट' बहुधा एकट्या पुरुषाच्या गरजेवर बेतलेले असते : टेबल, कपाट, पाणी तापवण्याची किटली, एक लहान फ्रिज. कुटुंबाच्या गरजा याहून भिन्न आहेत, हे जाहिरातीतील छायाचित्रावरून कळत नाही.

माझी थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी नांदेडहून सहकुटुंब आठ दिवसांसाठी आली. सहा माणसे : ती व दाजी, दाजींचे वृद्ध आईवडील, आणि दोन मुले. आमचे घर लहान, म्हणून जवळच एका ठिकाणी 'किचनसह फॅमिली सुईट' दूरध्वनीवरून ठरवला. (ते ठिकाण येथे नावानिशी सांगण्याचे कारण नाही.) प्रत्यक्षात तो एक प्रशस्त हॉल निघाला. एका टोकास पलंग, दुसऱ्या टोकास सोफा, मध्ये लाकडी जाळीचा अर्धा आडोसा. रात्री नऊला आजोबांना दिवा मालवून हवा, अकरापर्यंत मुलांस जागावयाचे. पाच वाजता आजी उठून नामस्मरणास बसत. तिसऱ्या दिवशी सर्व जण एकमेकांवर रुसले होते. खोलीचे क्षेत्रफळ कमी नव्हते. उणीव एका दाराची होती. सुईटची व्यवच्छेदक खूण सोफा नव्हे, दोन खोल्यांमधील बंद होणारे दार ही होय. म्हणून दूरध्वनीवर 'सुईट आहे का?' असे विचारू नये. 'आतल्या खोलीला दार आहे का, आणि त्याला कडी आहे का?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सदैव 'हो' असेच येते.

चुलीचीही तीच गत झाली. 'किचन' म्हणजे विजेची एक शेगडी व दोन पातेली. पोळपाट-लाटणे मागितले तेव्हा मुलगा खालून कोणाच्या तरी घरचे घेऊन आला. त्याचा चांगुलपणा मान्य करावयासच हवा, पण तो व्यवस्थेचा भाग नव्हता. आणि पाणी दिवसातून दोन वेळा, ठरलेल्या तासांस. मुकुंदवाडीत पाण्याचा प्रश्न काय स्वरूपाचा आहे हे बाहेरच्या जगासही ठाऊक झाले होते : २०१९ साली येथील काही मुले आगगाडीने शहराच्या मुख्य स्थानकावर जाऊन तेथून घागरी व डबे भरून आणीत असल्याची वृत्ते देशाबाहेरही छापून आली. पाणचक्कीच्या शहरात हे घडावे! पाहुण्याने याचा अर्थ असा घ्यावा की, टाकी किती मोठी आहे, आणि टँकर मागवावा लागतो काय, हे विचारण्यात संकोच करू नये. आणि असाही घ्यावा की, आपण आठ दिवस बेफिकिरीने वापरलेले पाणी शेजारच्या वस्तीच्या वाट्याचे असू शकते.

खर्चाचा हिशेब सोपा आहे, पण तो सहसा अर्धाच केला जातो. केवळ उदाहरणादाखल आकडे घेतो. दोन साध्या खोल्या प्रत्येकी २,००० रुपये दराने ४,००० होतात. सुईट ४,५०० ला मिळतो. पाच टक्के कर धरून रोजचा फरक ५२५ रुपयांचा. सुईटमध्ये न्याहारी व रात्रीचे जेवण घरी केल्याने, शिधासामग्री वजा जाता, रोज ८०० रुपये वाचतात असे मानू. म्हणजे रोज २७५ रुपयांचा लाभ. पण पहिल्या दिवशी तेल, मीठ, मसाला, चहा, साखर, पीठ असा सारा संसार विकत घ्यावा लागतो, आणि त्यातील उरलेले बहुधा तेथेच सोडून यावे लागते. हा ठोक खर्च ८२५ धरला तर तो तीन दिवसांनी फिटतो. दोन दिवसांच्या सहलीत चूल मांडणे तोट्याचे आणि आठ दिवसांत फायद्याचे, असे उत्तर येते. 'उतरणे' आणि 'बिऱ्हाड' यांच्यातील सीमारेषा भाषेने जेथे आखली, तेथेच ती अंकगणितानेही आखली जावी, याचे मला थोडे नवल वाटले.

कराविषयी एक गोष्ट नोंदण्याजोगी. २२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या ज्या खोलीचा दर प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंत आहे तिच्यावर वस्तू व सेवा कर ५ टक्के, आणि त्याहून अधिक दराच्या खोलीवर १८ टक्के आहे. हा हिशेब कुटुंबागणिक होत नाही, निवासाच्या एककागणिक होतो. ७,६०० रुपयांचा एक सुईट घेतल्यास कर १,३६८ रुपये. ३,८०० च्या दोन लगतच्या खोल्या घेतल्यास ३८० रुपये. मधले दार उघडणाऱ्या दोन खोल्या मिळत असतील तर त्या घ्याव्यात. कायद्याच्या भाषेत त्या दोन आहेत, कुटुंबाच्या भाषेत एक.

तथापि हिशेबाची दुसरी अर्धी बाजू रुपयांत मोजता येत नाही. चौथ्या दिवशी मी सहज म्हटले, 'आक्का, किचन घेतल्याचा फायदा झाला की!' ती पोळ्या लाटीत होती. म्हणाली, 'झाला ना. पण घरची शेगडी सोडून हितल्या शेगडीपुढं उभं राह्यचं, तर मग सुट्टी कुणाची म्हणायची?' यावर मला उत्तर सुचले नाही. वर जे रोजचे ८०० रुपये वाचले असे मी मोठ्या समाधानाने लिहिले, ते कोठून आले? ते तिच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेळातून आले. 'सूट' आणि 'सुट्टी' यांचा धातू एक असला तरी एकाला मिळालेली सूट ही दुसऱ्याची सुट्टी कापून दिलेली असू शकते. म्हणून निवास ठरवण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून विचारावयाचा पहिला प्रश्न 'किचन आहे का?' हा नसून 'किचनमध्ये कोण उभे राहणार?' हा आहे. पाळी लावता येत असेल, दाजी चहा-न्याहारीचे पाहणार असतील, तर चूल घ्यावी. नसेल, तर जवळ चांगली खाणावळ असलेल्या दोन खोल्या अधिक न्याय्य. वृद्धांचे पथ्य, लहानग्यांचे दूध-भात एवढ्यापुरती शेगडी हा मधला मार्ग, आणि बहुतेक कुटुंबांस तोच पुरेसा असतो असे माझे मत झाले आहे.

आणखी एका शब्दाचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. तो 'फॅमिली'. जुन्या बोलण्यात 'माझी फॅमिली' म्हणजे माझी पत्नी. उपाहारगृहातील 'फॅमिली रूम' म्हणजे स्त्रिया बरोबर असणाऱ्यांसाठी पडदा लावलेली जागा. लॉजच्या फलकावरील 'फक्त फॅमिलीसाठी' या शब्दांत अनुमतीपेक्षा निषेध अधिक आहे : एकटी स्त्री, एकटा पुरुष, मित्रांचा घोळका यांस तेथे थारा नाही. काही ठिकाणी निषेधाची मर्यादा याहूनही पुढे जाते. ओळखपत्र मागणे हे नियमास धरून आहे. परंतु बहिणीच्या कुटुंबासाठी मी प्रथम ज्या ठिकाणी चौकशी केली, तेथे तारखा विचारण्यापूर्वी आडनाव विचारले गेले, आणि मग 'नॉनव्हेज करणार नाही ना?' असे. हे दोन प्रश्न ज्या क्रमाने आले तो क्रम पुरेसा बोलका होता. मी दूरध्वनी ठेवून दिला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील शिक्षण घेऊन १९१७ साली बडोद्यास नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांस उतरण्यास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी उतारघरात राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस तेथून घालवून दिले. पुढे १९३४ साली सहकाऱ्यांसह याच परिसरात आले असता, दौलताबादच्या किल्ल्यावर प्रवेशद्वाराजवळील हौदाचे पाणी हातपाय धुण्यास घेतल्यावरून त्यांस अडवण्यात आले. दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. पुढे याच शहरी १९५० साली त्यांच्या प्रेरणेने मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. निवारा आणि पाणी ही प्रवासाची दोन अंगे, आणि दोन्ही ठिकाणी माणूस कोण हे आधी विचारले गेले. उषवदाताचा 'प्रतिश्रय' हा शब्द ज्या आश्रयाचे वचन देतो ते पाळले जाते की नाही, याची परीक्षा आजही आडनावाच्या प्रश्नापाशी होते. सुईट कितीही सुसज्ज असो, जेथे हा प्रश्न प्रथम येतो तेथे ज्याला आडनावाची अडचण नाही त्यानेही राहू नये, असे मला वाटते.

शेवटी दिवसांची आखणी, कारण निवासाचा काळ तिच्यावर ठरतो. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर, वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. हे ठाऊक नसल्याने रविवारी येऊन मंगळवारी परतणाऱ्या कुटुंबास सोमवारी केवळ वेरूळ मिळते, अजिंठा हुकतो. वृद्ध व मुले बरोबर असता अजिंठ्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी पायऱ्या चढण्याच्या स्थितीत नसते. तो दिवस मकबरा व पाणचक्की यांस द्यावा. वेरूळच्या वाटेवर दौलताबाद व पुढे खुलताबाद आहे, पण किल्ला चढून त्याच दिवशी कैलास लेणे पाहणे म्हणजे दोन्ही न पाहणे. पैठणास एक दिवस वेगळा हवा. असे पाच-सहा दिवस सहज होतात. अजिंठ्याच्या फेऱ्या मध्यवर्ती बसस्थानकावरून जात असल्याने मुकुंदवाडीत उतरणाऱ्यास पहाटे शहर ओलांडावे लागते. उलट विमानाने वा जालन्याकडून येणाऱ्यास हीच जागा सोयीची.

या प्रकारच्या निवासास मराठी नाव काय द्यावे, असे विद्यार्थी विचारतात. 'संचकक्ष' असा शब्द कोणी सुचवला; तो कचेरीच्या दारावर शोभेल. 'मुक्कामघर' बरा आहे, पण त्यात चूल दिसत नाही. मला स्वतःला 'आठवडी बिऱ्हाड' हा शब्द आवडतो, कारण आठवडी बाजारासारखा तो ठराविक काळापुरता भरतो आणि उठतो. यंदा दिवाळीनंतर आक्का पुन्हा येणार आहे. या खेपेस दूरध्वनी तिनेच केला, आणि दोन खोल्या घेतल्या. मधले दार आहे, कडी आतून लागते, टाकी गच्चीवर आहे. शेगडी आहे का, असे तिने विचारले नाही. 'चहाचं दाजी बघणारेत,' एवढेच मला कळवले.